सरावात दिसतो तो, की सामन्यात?

आग्रही: ११ जुलै २०२१ च्या रात्री वेम्बलीवर युरो स्पर्धेचा अंतिम सामना इटली आणि इंग्लंड यांच्यात १-१ असा बरोबरीत राहिला आणि पाळी पेनल्टी शूटआउटवर आली. जादा वेळ संपत आला असताना इंग्लंडचे प्रशिक्षक गॅरेथ साउथगेट यांनी मार्कस रॅशफर्ड आणि जेडन सँचो यांना केवळ पेनल्टी मारण्यासाठी मैदानात उतरवलं. पाचवी पेनल्टी दिली १९ वर्षांच्या बुकायो साकाला. वरिष्ठ फुटबॉलमध्ये त्याने तोवर एकही पेनल्टी मारलेली नव्हती. रॅशफर्डचा चेंडू खांबाला लागला, सँचो आणि साका यांचे फटके इटलीचा गोलरक्षक डोनारुम्माने अडवले आणि इटली ३-२ ने जिंकली. साउथगेट यांनी दोष स्वतःवर घेतला आणि सांगितलं, की कोण मारणार हे आपण सरावात पाहिलं त्यावरून ठरवलं होतं. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला आदरच आहे. पण माझा आक्षेप बरोबर त्या वाक्यावर आहे. सरावात पेनल्टी मारताना समोरचा गोलरक्षक आपलाच सोबती असतो, हुकली तर दुसरी मारता येते, मारून झालं की जेवायला जायचं असतं. सामन्यात मध्यरेषेवरून त्या ठिपक्यापर्यंत चाळीसेक मीटर एकट्याने चालत जावं लागतं आणि त्या चालण्याचा सराव कुणाचाच झालेला नसतो. नॉर्वेचे क्रीडा-मानसशास्त्रज्ञ गेइर योर्डेट यांनी मोठ्या स्पर्धांमधल्या शूटआउटचा अभ्यास केला. गोल झाला तर आपण जिंकतो अशा वेळी खेळाडू ९२ टक्के पेनल्टी सत्कारणी लावतात; हुकली तर आपण हरतो अशा वेळी हेच प्रमाण साठीच्या आसपास येतं. चेंडू तोच, अंतर तेच, माणसं त्याच दर्जाची. बदलतो तो फक्त त्या फटक्याचा अर्थ, आणि सरावातल्या फटक्याला अर्थच नसतो. म्हणून माझं म्हणणं आहे, की खेळाडूची पारख सामन्यावरून करा. सराव ही तयारी आहे, तिला पुरावा मानू नका.

साशंक: तुम्ही निवडलेल्याच रात्रीबद्दल बोलू. इटलीची पाचवी पेनल्टी जॉर्जिन्होने मारली होती. पेनल्टी मारण्यात तो युरोपातल्या नामांकितांपैकी एक, आणि तेही सामन्यांतल्या कामगिरीवरून. पाचच दिवस आधी उपांत्य फेरीत स्पेनविरुद्ध निर्णायक पेनल्टी त्यानेच शांतपणे गोलात टाकली होती. अंतिम सामन्यात त्याचा गोल झाला असता तर इटली तिथेच जिंकली असती. म्हणजे योर्डेट यांच्या ९२ टक्क्यांतलीच ती परिस्थिती. इंग्लंडचा गोलरक्षक पिकफर्डने ती अडवली. सामन्यातला पुरावाही त्याच रात्री, त्याच गोलपोस्टसमोर फसला. त्याची कुणी आठवण काढत नाही, कारण त्याचा संघ जिंकला. शिवाय हॅरी केन आणि हॅरी मॅग्वायर यांची नावंही सरावावरून ठरवलेल्या त्याच यादीत होती आणि दोघांनी गोल केले. तीन हुकलेल्या फटक्यांवरून सरावाला खोटं ठरवायचं, तर तीन वर्षांनी, ६ जुलै २०२४ रोजी स्वित्झर्लंडविरुद्ध त्याच साउथगेट यांच्या संघाने पाचही पेनल्टी गोलात टाकल्या आणि त्यांतली एक साकाची होती, त्याचं काय करायचं? माझा मुद्दा पेनल्टीपुरता नाही. फुटबॉलमध्ये गोल फार थोडे होतात. प्रीमियर लीगच्या एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून सरासरी तीनच्या आसपास. आघाडीपटूला एका सामन्यात धड दोन-तीन संधी मिळतात. त्यांतली एक खांबाला लागून आत गेली की बाहेर, यावर आपण त्या माणसाचं चारित्र्य ठरवून टाकतो. सरावात तोच फटका आठवड्यात शंभर वेळा दिसतो. मोजायचं असेल तर मोजण्याइतकं काही हातात तरी पाहिजे.

आग्रही: जॉर्जिन्होचं उदाहरण मानलं. एका फटक्यावरून कुणालाच तोलू नये, हेही मानलं. पण तुम्ही सामना म्हणजे गोल असं धरून चाललात. नव्वद मिनिटांत एका खेळाडूच्या पायाशी चेंडू असतो दोन-तीन मिनिटं. उरलेल्या वेळात तो कुठे उभा राहतो, आपल्या बचावपटूला मोकळा पास देता यावा म्हणून चार पावलं मागे येतो की नाही, चेंडू गमावल्यावर पहिल्या दोन सेकंदांत मान खाली घालतो की धावतो, हे सगळं सामन्यात दिसतं, आणि ते दर मिनिटाला दिसतं. पुरावा कमी नसतो. आपण गोल सोडून दुसरं काही पाहत नाही म्हणून तो कमी वाटतो. आणि सराव शंभर वेळा मोजतो म्हणता, पण काय मोजतो? सरावातल्या सामन्यात बचावपटू आपल्याच आघाडीपटूच्या घोट्यावर पाय टाकत नाही. शेवटच्या क्षणी तो पाय आखडतो, कारण शनिवारी हाच आघाडीपटू त्याला गोल मिळवून देणार असतो. आघाडीपटूला ते माहीत असतं, म्हणून तो पाठीमागे न पाहता निवांत वळतो. त्या वळण्याला टाळ्या पडतात. तेच वळण खऱ्या सामन्यात घ्यायला गेला, की प्रतिस्पर्ध्याचा मध्यरक्षक त्याला चेंडूसकट आडवा करतो, कारण त्याने आठवडाभर याच्या चित्रफिती पाहिलेल्या असतात. सरावात प्रतिस्पर्धी नसतो, ओळखीचा माणूस असतो. त्या ओळखीतून मिळालेले शंभर आकडे एकमेकांशी जुळतात हे खरं, पण ते आपल्याला हव्या असलेल्या गोष्टीबद्दल नसतात. आणि क्लब स्वतः काय करतात ते पाहा. बाहेरचा खेळाडू विकत घेताना ते त्याचा सराव बघतात का? बघूच शकत नाहीत. दुसऱ्या क्लबच्या कुंपणाआड कोण जाऊ देणार? लेस्टरने २०१२ मध्ये फ्लीटवुडसारख्या साखळीबाहेरच्या क्लबकडून जेमी वार्डीला घेण्यासाठी दहा लाख पौंड मोजले, ते त्या हंगामात त्याने तिथल्या खालच्या साखळीत ३१ गोल केले म्हणून. चार वर्षांत तो आणि लेस्टर प्रीमियर लीगचे विजेते होते. परक्याची पारख सामन्यावरून करायची आणि घरच्या पोराची मंगळवारच्या सरावावरून, हा कुठला न्याय? घरच्याचा सराव रोज डोळ्यांसमोर दिसतो, एवढ्यावरूनच तो महत्त्वाचा मानला जातो.

साशंक: परक्याला एक माप आणि घरच्याला दुसरं, ही विसंगती खरी आहे. पण वार्डीची गोष्ट तुम्ही मधलं एक वर्ष गाळून सांगितलीत. लेस्टरकडून पहिल्या हंगामात, २०१२-१३ मध्ये, साखळीत त्याचे चार गोल झाले. प्रेक्षक वैतागले होते, त्याने स्वतः खेळ सोडायचा विचार केला होता. तेव्हा निव्वळ सामन्यांवरून निकाल दिला असता, तर त्याला परत पाठवणंच रास्त होतं. प्रशिक्षक नायजेल पिअर्सन आणि त्यांचे सहकारी त्याला रोज पाहत होते. त्याचा वेग, चेंडू गमावल्यावर त्याच चेंडूमागे धावण्याची त्याची खोड त्यांना दिसत होती, आणि त्यांनी त्याला ठेवलं. तुमच्याच उदाहरणात सामन्याने त्याला क्लबमध्ये आणलं आणि सामना त्याला घालवायला निघाला असताना दुसऱ्याच कशाने तरी वाचवलं. दुसरी गोष्ट त्याहून अवघड आहे. सामन्यातली कामगिरी एकट्याची नसते. आघाडीपटूला पास कोण देतं, बचाव किती पुढे उभा आहे, समोर पहिल्या क्रमांकाचा संघ आहे की तळाचा, हे सगळं त्याच्या आकड्यांत मिसळलेलं असतं. आणि सामना मिळणं हेच मुळी प्रशिक्षकाच्या हातात. केव्हिन डी ब्रॉयन २०१३-१४ च्या हंगामात चेल्सीत होता. तो सरावात नीट मेहनत घेत नाही, असं तिथले प्रशिक्षक जोझे मोरीन्यो म्हणत होते. डी ब्रॉयनने पुढे स्वतः लिहिलं आहे, की डिसेंबरमध्ये मोरीन्योंनी त्याला बोलावून समोर कागद ठेवला: त्याचे गोल, गोलसाठी दिलेले पास, आणि शेजारी चेल्सीच्या इतर आक्रमक खेळाडूंचे तेच आकडे. त्याने सांगून पाहिलं, की इतर जण पंधरा-वीस सामने खेळले आहेत आणि मी तीन. जानेवारीत चेल्सीने त्याला वोल्फ्सबुर्गला विकलं. २०१५ मध्ये तो जर्मनीतला वर्षातला सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला आणि नंतर मँचेस्टर सिटीकडून त्याने सहा वेळा प्रीमियर लीग जिंकली. त्या कागदावर लिहिलेलं सगळं सामन्यातलंच होतं.

आग्रही: पण मग डी ब्रॉयन माझ्या बाजूचा साक्षीदार आहे. त्याला सामने का मिळाले नाहीत? सरावावरून. आधी सरावाचं कारण देऊन सामना नाकारायचा आणि मग सामन्यात काही केलं नाहीस म्हणून विकायचं, या चक्रातली पहिली चूक सरावाचीच आहे. वोल्फ्सबुर्गमध्ये त्याला सलग सामने मिळाले आणि प्रश्न मिटला. आणि या चक्राचा तोटा कुणालाच दिसत नाही, कारण जो सरावात पडला तो सामन्यात कसा खेळला असता हे कधी कळतच नाही. सरावात उत्तम आणि सामन्यात फिका, असे खेळाडू आपल्या डोळ्यांसमोर असतात. त्यांना संधी मिळालेली असते. सरावात फिका आणि सामन्यात उत्तम, असा जो असेल, तो बाकावर बसून बसून निवृत्त होतो आणि त्याची नोंद कुठेच नसते. म्हणून प्रशिक्षक सांगतात, की आमचं सरावातलं निरीक्षण बहुतेक वेळा बरोबर निघतं. ज्यांना त्यांनी खेळवलंच नाही, त्यांच्याबाबत ते बरोबर निघालं की चूक, हे तपासणार कसं? एमिलियानो मार्टिनेझ हा अर्जेंटिनाचा गोलरक्षक किशोरवयात आर्सेनलमध्ये आला आणि दहा वर्षं राखीव म्हणून राहिला. अधूनमधून कुणाला तरी उसना दिला जायचा. जून २०२० मध्ये ब्रायटनच्या मैदानावर पहिल्या पसंतीचा गोलरक्षक बेर्न्ड लेनो जखमी झाला, म्हणून मार्टिनेझला गोलपोस्टसमोर उभं राहायला मिळालं. त्याच उन्हाळ्यात आर्सेनलने एफए कप जिंकला, तेव्हा गोल सांभाळत होता मार्टिनेझ. २०२२ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात, जादा वेळ संपायला काही क्षण उरले असताना, फ्रान्सच्या कोलो मुआनीचा फटका त्याने डावा पाय ताणून अडवला. मग शूटआउटमध्ये कोमानची पेनल्टी अडवली आणि स्पर्धेतल्या सर्वोत्तम गोलरक्षकाचा किताब घेऊन घरी गेला. दहा वर्षं आर्सेनलचे तज्ज्ञ त्याला रोज सरावात पाहत होते. लेनोचा गुडघा दुखावला नसता, तर मार्टिनेझबद्दलचं त्यांचं मत आजही बरोबरच मानलं गेलं असतं.

साशंक: तुमचा हा मुद्दा मला सगळ्यांत भारी वाटतो आणि त्याला सहज उत्तर नाही. तरी दोन गोष्टी म्हणतो. एक: त्या मार्टिनेझला आर्सेनलने दहा वर्षं ठेवलं ते कशाच्या जोरावर? वरिष्ठ संघातले सामने तर तो मोजकेच खेळला होता. कुणीतरी सरावात काहीतरी पाहिलं असणारच. ते पुरेसं पाहिलं नाही, एवढंच. शिवाय राखीव गोलरक्षकाला सामने द्यायचे म्हणजे पहिल्याचे काढून घ्यायचे. गोलपोस्ट एकच असतो. दोन: कधीकधी प्रशिक्षकाला सामन्यातल्या नोंदीच्या विरुद्ध जावंच लागतं. २०१४ च्या विश्वचषकात नेदरलँड्सचे लुई व्हान गाल यांनी कोस्टा रिकाविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात शूटआउटच्या तोंडावर गोलरक्षक बदलला. यास्पर सिलेसनला काढून टिम क्रुलला आणलं. सामन्यांत पेनल्टी अडवण्याबाबत क्रुलचा काही लौकिक नव्हता. त्याची उंची, हातांची पोच आणि त्या कामासाठी करून घेतलेली तयारी एवढ्यावर तो निर्णय होता. क्रुलने दोन पेनल्टी अडवल्या.

आग्रही: आणि पुढच्याच सामन्यात, अर्जेंटिनाविरुद्ध, तिन्ही बदली खेळाडू आधीच वापरून झाले होते. सिलेसनलाच उभं राहावं लागलं आणि त्याला एकही पेनल्टी अडवता आली नाही. आपला प्रशिक्षक आपल्याला या कामाचा मानत नाही, हे चार दिवसांपूर्वी सगळ्या जगासमोर जाहीर झालेल्या माणसाची मनःस्थिती कुठल्या सरावात मोजली जाते?

साशंक: मोजली जात नाही. पण ती सामन्यातल्या आकड्यांतही मोजली जात नाही. तिथे फक्त चार गोल झाल्याची नोंद राहते. म्हणूनच मी म्हणतो, की सामना सत्य सांगतो हे अर्धंच खरं. तो निकाल सांगतो, कारण सांगत नाही. ६ ऑक्टोबर २००१ रोजी ओल्ड ट्रॅफर्डवर ग्रीसविरुद्ध इंग्लंड १-२ असं मागे होतं आणि ९३ व्या मिनिटाला फ्री किक मिळाली. डेव्हिड बेकहॅम त्या दुपारी कित्येक फ्री किक वाया घालवून बसला होता. टेडी शेरिंगहॅमला ती मारायची होती, आणि त्या दिवसाच्या सामन्यावरून ठरवलं असतं तर त्याच्याकडेच द्यायला हवी होती. बेकहॅमने मारली, चेंडू जाळीच्या वरच्या कोपऱ्यात गेला आणि इंग्लंड थेट विश्वचषकाला पात्र ठरलं. सगळे निघून गेल्यावर मैदानावर थांबून मारलेल्या हजारो फ्री किकचा तो पुरावा होता. त्या दिवशीच्या आधीच्या अपयशापेक्षा तो जास्त खरा निघाला. शिवाय एक प्रश्न तुम्ही टाळता आहात. संघात पंचवीस जण असतात, खेळतात अकरा. उरलेल्या चौदांना तुम्ही सांगणार, की तुमच्या सरावाला काही मोल नाही, पारख फक्त सामन्यात होते आणि सामना तुम्हाला मिळणार नाही? सरावावरून संघात जागा मिळू शकते, या एका आशेवर तो सराव चालतो. ती आशा काढली, की मंगळवारी त्या चौदांचे पाय जड होतात, आणि त्यांच्याशी झुंजून ज्या अकरांनी तयार व्हायचं, त्यांची तयारीही बिघडते.

आग्रही: हे माणसाच्या बाजूने बोलणं झालं आणि ते मला पटतं. पण इथे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत, आणि माझ्या मते सगळ्या वादाचं मूळ तिथेच आहे. हा माणूस मेहनती आहे का, वेळेवर येतो का, संघाचं ऐकतो का, हा एक प्रश्न. हा माणूस सामन्यात खेळू शकतो का, हा दुसरा. सराव पहिल्याचं उत्तर फार छान देतो, आणि प्रशिक्षक नकळत तेच उत्तर दुसऱ्या प्रश्नाखाली लिहून टाकतो. रोमारिओला सरावाचा कंटाळा होता, हे सगळ्या बार्सिलोनाला माहीत होतं. १९९३-९४ मध्ये त्याने स्पेनच्या साखळीत ३० गोल केले, रेआल माद्रिदविरुद्धच्या ५-० विजयात तीन मारले आणि त्याच उन्हाळ्यात ब्राझीलला विश्वचषक जिंकून देऊन स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. शिस्तीसाठी त्याला दंड करा, खडसावा, पुढच्या वर्षी विकून टाका, ते वेगळं. पण तो खेळू शकत नाही, असं त्याच्या सरावावरून म्हणू नका. चौदा जणांची आशा टिकवायची असेल, तर त्यांना राखीव संघाचे खरे, गुणतक्त्यात मोजले जाणारे सामने द्या. ‘सरावात छान दिसतोस’ एवढ्यावर कुणाचं वय थांबत नाही.

साशंक: लहान मुलांबाबतही हेच म्हणाल? तिथे तुमचं तत्त्व मला धोकादायक वाटतं. बारा-तेरा वर्षांच्या मुलांचा सामना जिंकतो तो बहुतेक वेळा आधी वाढलेला मुलगा. युरोपातल्या अकादमींमध्ये वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेली मुलं प्रमाणाबाहेर जास्त आढळतात, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. सात-आठ महिन्यांनी मोठा मुलगा त्या वयात सामन्यात उठून दिसतो. प्रतिभेशी त्याचा संबंध नसतो. अंगाने लहान म्हणून अँटवान ग्रीझमानला फ्रान्समधल्या क्लबांनी नाकारलं आणि तो स्पेनमध्ये जाऊन घडला. त्या वयात चेंडू थांबवण्याची तऱ्हा, पास देण्याआधी मान वळवून मागे पाहण्याची सवय, चूक झाल्यावर पुन्हा मागण्याची हिंमत या गोष्टी सामन्याच्या गोंधळात बुडून जातात. त्या सरावातच दिसतात.

आग्रही: मुलांबाबत माझा दावा मी मागे घेतो. तिथे पारख करायची घाईच चुकीची आहे, सामन्यावरून काय आणि सरावावरून काय. पण मोठ्यांकडे येऊ, आणि आपल्या देशाकडे येऊ. इंडियन सुपर लीगमध्ये एका वेळी चार परदेशी खेळाडू मैदानावर असू शकतात, आणि क्लब त्यांतला एक हमखास मधल्या आघाडीपटूच्या जागी खेळवतात. परिणाम असा, की त्या जागी खेळणाऱ्या भारतीय पोरांना क्लबकडून सामनेच मिळत नाहीत. तेव्हाचे राष्ट्रीय प्रशिक्षक इगोर स्टिमॅक हे उघडपणे बोलून दाखवत होते. मग शिबिर भरतं, आठ-दहा दिवस सराव पाहिला जातो आणि त्यावरून देशाचा आघाडीपटू निवडला जातो. सुनील छेत्रीने जून २०२४ मध्ये निरोपाचा सामना खेळला आणि मार्च २०२५ मध्ये चाळिशीत त्याला परत बोलवावं लागलं. सरावावर विसंबणाऱ्या व्यवस्थेचं याहून स्पष्ट फळ कोणतं? त्याहून वाईट म्हणजे आपल्याकडची निवड चाचणी. जिल्ह्याजिल्ह्यातून आलेली पोरं, एकमेकांची नावं माहीत नाहीत, रंगीत बनियनवर नंबर, वीस-पंचवीस मिनिटांचा खेळ. पास कुणी देत नाही, कारण पास दिला की निवड समितीच्या कागदावर नंबर त्याचा लागतो. प्रत्येक जण तीन जणांना चकवायला जातो आणि चौथ्याकडे चेंडू घालवतो. जो शहाणा मध्यरक्षक एका स्पर्शात चेंडू पुढे सरकवतो, तो कुणाच्या डोळ्यांत भरतच नाही. हा सराव नव्हे आणि सामनाही नव्हे.

साशंक: चाचणीबद्दल दुमत नाही. पण भारतीय आघाडीपटूचं उदाहरण माझ्याही बाजूने बोलतं. सामनेच नाहीत, तर सामन्यांवरून निवडा म्हणजे काय? तुमचं तत्त्व कडकपणे पाळलं, तर प्रशिक्षकाने त्या जागी कुणालाच घेऊ नये. शिबिराचे आठ दिवस अपुरे आहेत. पण त्या पोराला पाहण्याची दुसरी जागा त्या प्रशिक्षकाकडे नाही. कोल्हापुरात पहिलवानांच्या तालमींतून फुटबॉल संघ उभे राहिले: पाटाकडील, खंडोबा, दिलबहार. तालमीतल्या वस्तादाला कुणाच्या अंगात किती दम आहे हे जोडीतल्या सरावातून कळतं, आणि तरी मैदानी कुस्तीत कोण चीतपट होणार हे तो छातीठोक सांगत नाही. तो दोन्ही पाहतो. त्याच कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर दोन तालमींची लढत असली, की गॅलरी इतकी पेटते की नवखा खेळाडू साधा थ्रो-इन घेताना गोंधळतो. एका सामन्यात गोंधळला म्हणून त्याला कायमचं बाद करायचं? की अशा किती लढतींनंतर ठरवायचं? ‘सामन्यावरून’ म्हणताना तुम्ही हा आकडा कधीच सांगत नाही. एका सामन्यावरून निकाल देणं हा अन्याय आहे. वीस सामने द्यायचे तर ते दुसऱ्या कुणाकडून तरी काढून घ्यावे लागतात.

आग्रही: आकडा सांगता येत नाही, हे कबूल. गोलरक्षकाला लागतील तेवढे आघाडीपटूला लागणार नाहीत. संघ गुणतक्त्यात तळाशी असताना जे परवडत नाही ते मध्यावर असताना परवडतं. पण आकडा ठरवता येत नाही म्हणून तो शून्यावर ठेवायचा, हे मला मान्य नाही. आज राखीव खेळाडूच्या बाबतीत बहुतेक ठिकाणी तो शून्याच्या जवळ आहे. आणि अडचण एवढीच असेल, की सामने कमी आणि माणसं जास्त, तर मग सराव हा पुरावा आहे म्हणून आपण तो वापरत नाही. सामने वाटून देता येत नाहीत म्हणून वापरतो. एवढं तरी प्रशिक्षकांनी खेळाडूला तोंडावर सांगावं. ‘तू सरावात कमी पडलास’ आणि ‘तुला पाहायला माझ्याकडे सामना नाही’ या दोन वाक्यांनी दोन वेगळी आयुष्यं घडतात.

साशंक: ते सांगायला धैर्य लागतं, आणि सांगितल्यावरही त्या पोराच्या पदरात सामना पडत नाही. तुम्हाला भीती वाटते ती सरावात मागे पडलेल्या, पण सामन्यात उभा राहिला असता अशा एकाची. मला भीती वाटते ती एका वाईट दुपारवरून कापल्या गेलेल्या दहा जणांची. यांतली कुठली चूक जास्त महाग पडते, यावर आपलं एकमत होईल असं मला दिसत नाही. आणि ते क्लबगणिक, वयागणिक वेगळं असेल, असंही वाटतं.

आग्रही: एकमत न होताही एक मागणी आपण दोघे मिळून करू शकतो. महामारीच्या काळात, २०२० मध्ये, पाच बदली खेळाडूंची मुभा तात्पुरती मिळाली आणि २०२२ मध्ये ती नियमांत कायम झाली. आपल्याकडे चौथा आणि पाचवा खेळाडू बहुधा ८८ व्या मिनिटाला, वेळ काढण्यासाठी उतरवला जातो. प्रशिक्षकांना विनंती आहे, की त्या दोघांना साठाव्या मिनिटाला उतरवा, दर सामन्यात उतरवा, आणि हंगाम संपेपर्यंत त्यांच्याबद्दलचं मत लिहून ठेवू नका.